भुंग्याने नाकारलेला बांबू

प्रति,
मा. वाटप अधिकारी,
सवलत बांबू कक्ष, नाशिक.

विषय : अर्जदार कापड काढत नसून सुपे-टोपल्या विणते, सबब तिचे बुरूड कार्ड परत मिळणेबाबत.
संदर्भ : कार्ड रद्द केल्याचे आपले पत्र.

महोदय,

अर्जदार झुंबरबाई सावळीराम साळुंके, वय ६३, धंदा बुरूडकाम, राहणार जुने नाशिक, हिच्या सांगण्यावरून सून मनीषा लिहिते की, अर्जदार चाळीस वर्षे सवलतीच्या बांबूवर पोट भरत आली आहे. गेल्या साली अंबडच्या एका कपडा कंपनीच्या सायली मॅडम आल्या, अर्जदाराचा बांबू चिरतानाचा फोटो काढला आणि एक टी-शर्ट भेट देऊन गेल्या. पुढे तो फोटो त्यांच्या लेबलावर आला. खाली छापले आहे, ‘शंभर टक्के बांबू, पृथ्वीला अपाय नाही, परंपरेच्या हातांनी’. ते वाचून आपल्या कक्षाने अर्जदार वस्त्रोद्योगात गेली असे ठरवले व कार्ड रद्द केले. फोटोने धंदा बदलतो हे अर्जदारास ठाऊक असते, तर तिने कलेक्टरच्या खुर्चीत बसून फोटो काढून घेतला असता.

आता त्या हातांविषयी. अर्जदाराचा भाचा शेखर बांबूपासून असल्या कपड्यांचा धागा काढणाऱ्या कारखान्यात आहे. तो सांगतो की बांबूचा चुरा कॉस्टिक सोड्यात शिजवतात, घाण वासाच्या रसायनात त्याची लापशी करतात आणि बारीक भोकांतून शेवया पाडाव्या तशी पाडतात. वासाने त्याचे डोके दिवसभर ठणकते. यात परंपरा कुठली, ते साहेबांनीच हुडकून काढावे.

तरी सुनावणीत साहेब म्हणाले, कापड झाले म्हणून काय, बांबू तो बांबूच. अर्जदारास वाद घालता येत नाही, म्हणून तिने बुरडाची परीक्षा घेतली. चांदण्या पंधरवड्यात तोडलेला बांबू भुंगा पोखरतो, त्यामुळे आम्ही तो घेत नाही. अर्जदाराने तसलाच भुंगा लागलेला एक तुकडा मुद्दाम मिळवला आणि टी-शर्टसोबत महिनाभर डब्यात कोंडला. तुकड्याचे पीठ झाले. टी-शर्टला एक भोक नाही. भुंग्याला जो बांबू ओळखता आला नाही तो आपल्या कक्षाला कागदावरून ओळखता आला, याचे अर्जदारास कौतुक वाटते. पीठ व टी-शर्ट सोबत जोडले आहेत. पुडी पंख्याखाली उघडू नये.

परवा गल्लीत लताबाईंचे मालक वारले. तिरडीचे बांबू न्यायला माणसे नेहमीप्रमाणे अर्जदाराच्या दारात आली. कार्ड गेल्यापासून घरात बांबूची एक कामटीही नव्हती. चाळीस वर्षांत पहिल्यांदा मयताची माणसे या दारातून रिकामी गेली. त्या दिवशी अर्जदार जेवली नाही. तिला आपल्या कक्षाचा फार संताप आला आहे. असे अर्जात लिहीत नाहीत असे मी म्हटले, पण तिने लिहायला लावले.

तरी कार्ड परत द्यावे. ते जमत नसल्यास साहेबांनी आपला घरचा पत्ता लेखी कळवावा, म्हणजे पुढच्या वेळी माणसांना तिकडे पाठवता येईल. मयताची माणसे कचेरीची वेळ पाहून येत नाहीत.

उत्तराची वाट पाहणारी,
झुंबरबाई सावळीराम साळुंके
(डाव्या अंगठ्याची निशाणी)
अक्षर मनीषाचे

नाशिक, दि. ७ ऑक्टोबर २०२५