स्टेडियम आमचंच

२ जानेवारी
नवीन वर्षाचा संकल्प : स्टेडियम क्लबच्या नावावर करणे. चहा कमी करणे आणि फिरायला जाणे पुढच्या वर्षी. एका वर्षी एकच काम, पण पूर्ण.

निगमची, म्हणजे इथल्या महापालिकेची, नोटीस आली आहे. म्हणे भिलाई-३ मधलं ‘खेळाचं मैदान’ निगमच्या मालकीचं. मैदान म्हणतात मेले. तीन पायऱ्यांची गॅलरी आहे, टिनाचं छत आहे, नळ आहे, नळाला कधी कधी पाणीही असतं. माझे वडील फकिराबाबा नागपूरकडून इथे रेल्वेत गँगमन म्हणून आले. ड्यूटी सुटली की कुदळ घेऊन त्यांनी आणि सोबत्यांनी ती जमीन सपाट केली. आता क्लबचे मालक दोघे, मी आणि जानराव. जानराव निम्मा मालक, पण विचार सगळा मलाच करावा लागतो.

९ जानेवारी
पार्षद, म्हणजे नगरसेविका, ममताताई घरी आल्या. निगम लाइट लावणार, मुलींना कपडे बदलायला खोली बांधणार, सकाळ-संध्याकाळ आमचाच क्लब खेळणार. फक्त जमीन निगमची आहे एवढं मान्य करून सही द्यायची. मी लगेच ओळखलं. बाजू कमजोर असल्याशिवाय कोणी इतकं देत नाही. स्पष्ट नकार दिला.

त्या गेल्यावर हर्षा म्हणाली, ‘पप्पा, साइन करून टाका न. मालकी कोनाची बी राहो, गोलपोस्ट तर तिथंच राहीन.’ हर्षा माझी मुलगी, क्लबच्या मुलींच्या फुटबॉल टीमची गोलकीपर. तिला स्पोर्ट्स कोट्यातून रेल्वेत लागायचं आहे. त्यासाठी यंदाची स्टेट लीग खेळावीच लागेल, पुढच्या वर्षी वय निघून जातं. मी म्हटलं, लीग होईपर्यंत तू आपल्या स्वतःच्या स्टेडियममध्ये खेळशील. ती ग्लव्ह्ज उचलून आत गेली. पटलं असावं.

२७ जानेवारी
दुर्गच्या कोर्टात केस टाकली. मी मालगाडीचा गार्ड होतो. भानगड दिसली की आधी गाडी उभी करायची, चौकशी मागून, हे अंगात मुरलेलं. म्हणून वकिलांना सांगितलं, निकाल लागेपर्यंत कोणीही आत पाऊल टाकू नये असा स्टे मागा. नाही तर निगमवाले गुपचूप लाइटचे खांब रोवतील. वकिलांनी विचारलं, दोन्ही पार्टी? म्हटलं, दोन्ही. न्याय तो न्याय. त्यांनी चष्मा काढून माझ्याकडे पाहिलं. इम्प्रेस झाले.

१२ फेब्रुवारी
स्टे मिळाला! पावर हाउसच्या बाजारात जाऊन पेढे आणले. निगमचं तोंड बंद.

१३ फेब्रुवारी
सकाळी टीम बॉल घेऊन आली. गेटवर मीच उभा होतो. सगळ्यांना परत पाठवलं. कोर्टाचा मान आपणच नाही राखायचा तर कोणी राखायचा? पोरी कुरकुरल्या. हर्षा ग्लव्ह्ज काढत काढत घराकडे गेली. पाठमोरी बघताना जरा कसंतरी झालं. सकाळचा नाश्ता जड झाला होता, त्यामुळे असेल.

४ मार्च
प्रॅक्टिस आता यार्डाच्या बाजूच्या मोकळ्या जागेत. तिथे मुरूम आणि रेल्वेची सांडलेली गिट्टी, रुळांखालची टोकदार खडी. हर्षाची दोन्ही कोपरं सोललेली. माझी बायको वच्छला हळद लावत होती आणि माझ्याकडे बघत नव्हती. मी समजावलं, कडक जमिनीवर पडूनच कीपर तयार होतो. वच्छला म्हणाली, ‘मंग तुमी एक डाव पडून दाखवा न.’ बायकांना स्पोर्ट्स सायन्स कळत नाही.

२३ मार्च
सुनावणी पुढे ढकलली. येताना स्टेडियमला बाहेरूनच एक चक्कर मारली. गवत काय सुंदर आलं आहे. गादीसारखं. कोणाचा पाय नाही ना पडत.

८ एप्रिल
लीगवाल्यांनी क्लबची एंट्री नाकारली. ग्राउंड वादात असलेला क्लब चालत नाही म्हणे. मी म्हटलं, आमचंच स्टेडियम आहे, केस चालू आहे म्हणून काय झालं? समोरचा हो हो म्हणाला आणि पुढच्याला बोलावलं. पस्तावतील.

११ एप्रिल
बाजूच्या कुरुद गावच्या क्लबला हर्षा हवी आहे. लीगसाठी रिलीज, म्हणजे आमच्या क्लबमधून सोडल्याचा कागद, मागताहेत, एका मालकाची सही पुरते. मी नाही दिली. अध्यक्षाने आधी स्वतःचीच मुलगी सोडली तर टीमने काय समजायचं?

१२ एप्रिल
जानरावने बाकीच्या सगळ्यांना रिलीज दिलं. विश्वासघात. हर्षालाही म्हणाला, ‘आण, तुले बी देतो.’ वच्छलाने सांगितलं, ती नाही म्हणाली. ‘काका, मले पप्पांचीच सही पाहिजे. ते देतीन.’ मन भरून आलं. रक्ताचं माणूस शेवटी आपल्या बाजूने उभं राहतं. निकाल लागला की पहिली सही तिचीच.

२६ एप्रिल
वच्छला सकाळी जेवायला वाढताना म्हणाली, ‘पोरीचं वय काई तुमच्या तारखेसाठी थांबून नाई राहिलं.’ कुरुदवाले पुढच्या रविवारपर्यंत वाट बघणार आहेत. मीही बघेन. आपण घाई दाखवली की समोरच्याला जोर येतो.

३ मे
टीम गेल्यामुळे हर्षाला बॉल टाकायला कोणी नाही. वच्छला टाकते. साडीचा पदर खोचून, गिट्टीतून बॉल वेचून आणते आणि दोन्ही हातांनी फेकते. आज एक बॉल जरा लांब गेला. हर्षाने झेप घेतली आणि गुडघ्यावर पडली. मी वकिलांकडे होतो. घरी आलो तर शेजारच्यांनी तिला उचलून ऑटोत घातलं होतं. वच्छला एकच वाक्य बोलत होती, ‘म्याच लांब फेकला.’

५ मे
लिगामेंट. ऑपरेशन, मग वर्षभर आराम. गोलकीपिंगचं विचारलं तर डॉक्टर म्हणाले, आधी जिना चढू द्या.

रेल्वेला वयाची अट सोडण्याबद्दल अर्ज करणार. कडक भाषेत. वच्छलाला म्हटलं, तुझी चूक नाही. मग कोणाची, असं तिने विचारलं नाही. विचारलं असतं तर बरं झालं असतं.

कुरुदच्या रिलीजवर आज सही करून ठेवली. कागद हर्षाच्या उशाशी ठेवला. तिने घडी घातली आणि म्हणाली, ‘ठीक आहे पप्पा.’

१२ जून
जिंकलो. निगमच्या वकिलांनी उठून सांगितलं, आम्हाला त्या जागेत रस नाही, दावा सोडतो. लाइट आणि खोली कुरुदला झाली आहे. जज साहेबांनी स्टे उठवला, केस बंद. माझे वकील म्हणाले, अरुणकुमारजी, अब खेलिए. ऐतिहासिक विजय. रविवारी उद्घाटन.

१४ जून, रविवार
हार, नारळ, पेढे घेऊन स्टेडियमवर बसलो. गवत कमरेपर्यंत. कोणी आलं नाही. निरोप पोहोचले नसतील म्हणून ऑर्डरची कॉपी घेऊन स्वतः कुरुदला गेलो.

आमची सगळी टीम तिथे खेळत होती. ममताताईंनी माझ्यासाठी खुर्ची मागवली. हर्षा गोलच्या मागे बसली होती, काठी बाजूला, पाय दुसऱ्या खुर्चीवर. नव्या कीपर मुलीला ओरडून सांगत होती, पुढे ये, हात वर. तिचा इतका मोठा आवाज मी जानेवारीनंतर ऐकला नव्हता. वच्छला शेजारी शेंगा सोलत होती.

मी हर्षाच्या समोर उभा राहिलो आणि ऑर्डर वाचायला लागलो. तिने दोन ओळी ऐकल्या. मग हळूच म्हणाली, ‘पप्पा, बाजूले व्हा न थोडे. गोल दिसून नाई राहिला.’

मी बाजूला झालो.