चित्र अडकतंय म्हनून मेमरी

४ नोव्हेंबर
रात्री झोप न्हाई. काल दुपारचं डोळ्यापुढनं जात न्हाई. दुकानात फ्लेक्सचं डिझाइन करत हुते. माझा शौर्य आतल्या खोलीत, कंप्युटरवर कोपऱ्यात त्याचं कॅमेऱ्याचं चित्र. झोपल्याला, तोंडात बोट. परत बघितलं, तसाच. म्हटलं आज लय झोपला गडी. पानी प्यायला आत गेले तर तो खाली फरशीवर, रडून रडून घसा बसल्याला. चित्र अडकलं हुतं. मी जुनंच बघत बसले.

मागं तापात त्याला आकडी आली, तवा ह्यांनी सुट्टीवर येऊन कॅमेरा बसवला. ह्ये परत पलटनीत. सासूबाई दिवसभर रानात. दुकानात शाईचा वास, दीड वर्साच्या पोराला तिथं ठेवता येत न्हाई.

५ नोव्हें.
दादाला फोन. सांगलीत कारखान्यात रातपाळी करतोय, झोपेतनं उठवला.
"मेमरी किती हाय?"
"मला काय म्हाईत? हँग हुतंय एवढं कळतंय."
सांगितलं तिथं दाबून बघितलं. ४ जीबी. हसायला लागला. "सुले, फ्लेक्सचं एवढं दांडगं काम आन् वर कॅमेरा. एका खोलीत सगळं वऱ्हाड कोंबलंस की."
मला हसू आलं न्हाई.

७ नोव्हें.
दादानं सांगितलेल्या दुकानात मेमरी आनायला सांगलीला गेले, शौर्य कडेवर. दुकानदार म्हनला, "ताई, आठची एक घ्या, ३२०० स्पीडची. लय पळती." एक दाखवली, तिच्यात रंगीत दिवे लागत्यात. म्हटलं डबा बंद असतोय, दिवे कुनाला दिसनार? म्हनला, हौस असती लोकांना.
दादाला स्पीकरवर घेतलं. "तुझा बोर्ड २४०० च्या वर पळतच न्हाई. म्हाताऱ्या बैलासंगं खोंड जुपला तर गाडी म्हाताऱ्याच्याच चालीनं जानार. स्पीडचं सोड, जागा वाढव. आठच्या दोन घे, सारख्या. जुनी चारची काढून टाक."
दुकानदार म्हनला, "दाजींना सगळंच म्हाईत दिसतंय."
"दाजी न्हवं, भाऊ हाय. सामान दे गप."
साध्या दोन घेतल्या. येताना शौर्यनं खोका चावला.

८ नोव्हें.
दादा म्हनला पुढच्या रविवारी येऊन बसवतो. तोवर कोन थांबतंय. व्हिडिओ कॉलवर तो सांगत गेला, मीच बसवल्या. टक वाजलं. डबा उघडला म्हनून काय जळलं असतं तर.
त्याच्या आधी सासूबाई म्हनल्या, "नवी वस्तू तशीच घालत्यात व्हय गं? ट्रॅक्टर आनला तवा पुजला न्हवता?" हळदकुकू आनलं. मेमरीच्या पट्टीला एका कडंला सोनेरी दात हायत, त्यावरच बोटं टेकवली. सोनं दिसतंय तिथं लावावं म्हनल्या. मी बी हात जोडले.
चालू झाला. बरं वाटलं.

१० नोव्हें.
वाढदिवसाचा फ्लेक्स, वीस बाय दहा. खाली शुभेच्छुकांचे फोटो, संपतच न्हाईत. चित्र परत अडकलं. आत जाऊन बघितलं, शौर्य उठून बसल्याला, कंप्युटरवर अजून झोपल्यालाच.
दादाला म्हटलं फसवलं तुझ्या सांगलीवाल्यानं.
"आता किती दाखवतंय?"
"आठ."
"म्हंजे कंप्युटरनं एकच धरली. दुसरी काढ, फोटो पाठव."
पाठवला.
"सुले, ह्ये लाल काय?"
"कुकू."
"मेमरीला?"
"सासूबाईंनी लावलं. मी बी हुते."
"नारळ न्हाई फोडलास त्यात, उपकार झालं."
खोडरबरनं हळू घासाय सांगितलं, खाचेत कोरडा ब्रश फिरवाय. दोन्ही पुसून परत बसवल्या. १६ दाखवलं. सासूबाईंना सांगितलं तर म्हनल्या, "कुकवानं कवा कुनाचं अडलंय?"

१२ नोव्हें.
चित्र नीट चाललंय. पंखा फिरताना बी दिसतोय. आता माझीच नजर तिथनं हलत न्हाई. एका फ्लेक्सवर पोरीचं नाव चुकलं, परत छापावा लागला. ह्यांचा फोन आला, म्हनले आता निर्धास्त ऱ्हा. व्हय म्हटलं.

१४ नोव्हें.
चित्र अडकलं न्हाई. आधी हात ताठ झाला, मग मान. दिसलं तशी पळाले. कुशीवर धरला. मग ढिला पडला, पर हाक मारली तर बघत न्हाई. अंग गार. ताप न्हाईच. शेजारच्या काकींनी डॉक्टरला आनलं. ते म्हनले बिनतापाची आकडी हाय, सांगलीलाच न्या, थांबू नका. काकींच्या मांडीवर दिलाय. शेजारचे गाडी वळवत्यात.

सासूबाईंना रानात निरोप धाडलाय. दादाला फोन लावतेय, उचलत न्हाई, पाळी करून झोपला असंल. गाडीत माझं दोन्ही हात शौर्यला लागनार. वही कीबोर्डवर ठेवते, दुकान उघडंच हाय. फ्लेक्स न्यायला कोन आलं आन् ह्ये वाचलं तर माझ्या भावाला फोन करा. दुकानाच्या पाटीवर खालचा नंबर त्याचा. म्हनावं सांगलीचा सरकारी दवाखाना, लहान पोरांचा वॉर्ड, तिथं लगेच ये. एकदा करून सोडू नका. तो उचलंपातूर लावत ऱ्हावा.