जादा वजन

४ एप्रिल २०१६, लातूर
शिवगंगाचाही गुडघा सैल! ऑपरेशनला चार महिने झाले. आज नडगी पुढं ओढून पाहिली तर चांगल्या पायापेक्षा सात मिलिमीटर जास्त सरकते. तीनच्या आत हवी.

माझा प्रबंध एवढाच — तुटलेल्या लिगामेंटच्या जागी मांडीतून काढलेला कंडरेचा दोर बसवतो, तो हाडात अडकवायचा कसा? स्क्रूची पाचर ठोकून, की पलीकडून बटण लावून? कुणाला काय, ते चिठ्ठी टाकून ठरवलं. आतापर्यंत सैल झाल्या त्या तिघी. तिघीही स्क्रूच्या. माझे गाईड सर खूश. ‘बटण जिंकलं. लिहून टाक.’

लिहायला बसते, हात चालत नाही.

६ एप्रिल
शिवगंगा चाकूरजवळच्या वस्तीवरची, कबड्डीत पडलेली. उदगीर जिल्हा होणार म्हणे, मग तिथं पोलीस भरती निघणार — पोरीचा सगळा जीव त्यात. ‘मॅडम, मला पळायला येईल ना?’ सरांनी पुन्हा ऑपरेशन सांगितलं, या खेपेला बटण. मला पटत नव्हतं, तरी मी कागद लावत बसले. भित्री आहे मी.

९ एप्रिल
तिचे एक्स-रे परत काढून बघितले. स्क्रू जागचा हललेला नाही. मग दोर सुटला कशानं? होस्टेलला चार दिवस पाणी नाही, डोकं तसंही खाजतंय.

१२ एप्रिल
रेल्वेनं पाणी आलं. आमच्या नळाला नाही.

१६ एप्रिल
शिवगंगा भरती झाली. सोबत आई, शांतम्मा — दम्याची, चार पावलांत धाप लागते. घरात या दोघीच.

ऑपरेशननंतर घरी काय काय केलंस, म्हणून विचारलं तर पोरीनं माझं सूचनांचं पत्रक घडाघडा म्हणून दाखवलं. सोप्या मराठीत मीच लिहिलेलं, त्याचा मला कोण अभिमान! ‘सहा आठवडे चालावे, पण पायावर जादा वजन घेऊ नये.’

‘एक टिंब चुकलं न्हाई, मॅडम.’

‘मग पाणी कोण आणत होतं?’

‘मीच की. टँकरवरनं. दोन-दोन घागरी.’

‘अगं, वजन नको म्हटलं होतं ना?’

‘पायावर नको म्हणलाव. मी डोक्यावर घेत होते.’

शांतम्माही मान डोलवत होती. मला हसू फुटलं, आणि बाहेर येऊन मी रडले.

१७ एप्रिल
बाकी दोघींना फोन केले. दोघींच्याही डोक्यावर घागर. बटणवाल्या दानम्माचा गुडघा सगळ्यांत घट्ट — तिच्याकडं पाणी जाऊबाई आणतात. वर्षभर स्क्रू की बटण करत बसलो, पाणी कोण आणतं हे एकीलाही विचारलं नाही. सर म्हणाले, ‘हे प्रबंधात बसत नाही.’ मी म्हटलं, बसवते. आवाज चढला माझा. चढू दे.

पण पत्रकातलं ते वाक्य माझं आहे. रात्रभर तेच डोक्यात.

१८ एप्रिल
सकाळी शिवगंगाजवळ जाऊन बसले. चूक माझी, वाक्य मी नीट लिहायला हवं होतं, असं सरळ सांगितलं. तिनं दाराकडं पाहिलं. शांतम्मा बाहेर बाकावर होती.

‘वाक्य बरोबर होतं, मॅडम. मला कळलं होतं. आईला सांगू नका.’