काकडी आमिष नव्हे

कावासे, क्यूशू
८ मे

चि. शूहेई यास,

अनेक आशीर्वाद. रागात लिहायला बसले आहे, म्हणून आशीर्वाद आधीच देऊन टाकले.

तुझा नवा व्हिडिओ खेळ बाजारात यायच्या आधी आत्याला पाठवलास, बरं वाटलं. लगेच दुकानातल्या टीव्हीला जोडला. केस कापायला आलेले ओगाता मास्तर अर्ध्या डोक्यानिशी तसेच बसून राहिले. धुक्यातले डोंगर छान. बोलणारे दगड, उडती होडी, सगळं मान्य. अद्भुत गोष्टींत मला काहीही चालतं, तुला ठाऊक आहे. उलट ड्रॅगनच्या तोंडातून आग का येते याचं शास्त्र जे सिनेमे समजावत बसतात, त्यांतून मी अर्ध्यावर उठून येते.

मग नदी आली. नदीत काप्पा, आपल्या गोष्टींतलं पाणभूत. डोक्यावर पाण्याची खोलगट थाळी, पाठीवर कासवाचं कवच, आणि उचकी! अरे, ती उचकी माझी. त्याच्या गोष्टी सांगून तुला झोपवताना मी काढायचे ती. मी हरखलेच. तेवढ्यात पडद्यावर सूचना आली, की पाण्यात काकडी टाका आणि तो वर आला की डोक्यात सोटा घाला. शूहेई, लाज कशी नाही वाटली तुला? हंगामातली पहिली काकडी म्हणजे त्याचा नैवेद्य. आमच्या पोरांना पाण्यात सांभाळ, म्हणून द्यायचा. तू तिचं आमिष केलंस? गळाला गांडूळ लावावं तसं? मास्तरसुद्धा चरफडत घरी गेले.

सुरुवातीची गोष्ट माझ्या आवाजात हवी आहे म्हणालास. मिळणार नाही, सांग तुझ्या साहेबांना. जेवणाची आबाळ करू नकोस. लोभ तूर्त आटला आहे, संपलेला नाही.

तुझी
शिझुए आत्या


तोक्यो
१५ मे

ती. आत्यास,

साष्टांग नमस्कार. पालथा पडलोच आहे, तर पाठीत धपाटा घालून घे.

पण माझीही बाजू ऐक. खेळात पहिला शत्रू सोपा लागतो, त्याच्यावर पोरं बटणं शिकतात. काकडीचं म्हणशील, तर लहानपणी घाटावर नेऊन तूच माझ्याकडून ती टाकून घ्यायचीस आणि म्हणायचीस, बघ हं, आता येईल. मला वाटलं, त्याला वर बोलवायलाच टाकतात. तू कधी नीट सांगितलंस? आणि भुतंखेतं भीती वाटेल अशीच हवीत, हेही तुझंच म्हणणं. स्टेशनवरच्या गोबऱ्या गालांच्या काप्पाच्या पुतळ्याला टोमॅटो म्हणून कोण हिणवतं?

नदीचा हा भाग साहेबांना सगळ्यात आवडलाय. तो बदला म्हटलं, तर लेखकच बदलू म्हणतात. चार वर्षं घासलीत गं मी यावर. एका काल्पनिक प्राण्यापायी माझी नोकरी घालवशील? राग गिळ आणि आवाज दे ना. बाबांना यातलं काही कळवू नकोस.

तुझा
शूहेई


कावासे
२१ मे

चि. शूहेई,

आशीर्वाद आहेत, पण तावातावाने लिहितेय, अक्षर लावून घे.

काल्पनिक म्हणे! गोबरा करून बिस्किटांच्या डब्यावर छापायचा, नाहीतर डोक्यात सोटा घालायचा. तिसरं काही सुचतच नाही का रे तुम्हा शहाण्यांना? राहू दे ना त्याला नदीत, त्याच्या तोऱ्यात!

तुझ्या बाबांनी तुला सांगितलेलं नाही, कारण आमच्या घरात ते बोलत नाहीत. माझ्या पाठचा आणि तुझ्या बाबांच्या आधीचा एक भाऊ होता, मित्सुओ. मी अकराची होते, तो नऊचा. पुराच्या वर्षी घाटावरून वाहून गेला. सापडला नाही. आई अन्नाला शिवेना. मग मी तिला सांगितलं, की काप्पाला कुस्तीचा भारी नाद, मित्सुओसारखा गडी त्याला मिळाला नव्हता, म्हणून ठेवून घेतलाय. खाऊपिऊ घालतो, थंडीत कुशीत घेऊन झोपतो. त्या दिवशी आई वाटीभर भात जेवली. तेव्हापासून आमच्या घरची पहिली काकडी मित्सुओचं नाव लिहून सोडतात. तू टाकायचास ती तीच.

आता गावोगावची पोरं तुझं ऐकून त्याच्या डोक्यात सोटे घालणार. घालू देत. मला एवढंच सांग, तो मेल्यावर माझ्या भावाला कोण सांभाळणार?

शिझुए


तोक्यो
३ सप्टेंबर

ती. आत्यास,

नमस्कार. तुझ्या पत्राला उत्तर लिहायला बसलो आणि जमलं नाही, म्हणून खेळच बदलला.

काप्पा आता मरत नाही. त्याला काकडी द्यायची आणि त्याच्याशी कुस्ती खेळायची. जिंकता कुणालाच येत नाही. हरलात, की तो वाट सोडतो. साहेब टेबल बडवत ओरडले. पुढच्या खेळातून माझं नाव काढलंय, सध्या दुसऱ्यांच्या खेळांतल्या दुकानांच्या पाट्या लिहितो. बाजारात आल्या आल्या खेळ विकत घेणारे लोकही खवळलेत, हा कसला शत्रू म्हणून शिव्या घालतात. घालू देत. बाबांना मीच फोन केला. मित्सुओकाका डावखुरे होते, एवढंच म्हणाले.

खेळशील तेव्हा पलीकडच्या काठावर बघ. राग गेला नसला तरी लोभ असू दे.

शूहेई


कावासे
१० सप्टेंबर

चि. शूहेई यास,

पोटभर आशीर्वाद. तुझ्या साहेबांना मात्र एकही नाही, त्यांच्या टेबलालाच देते.

खेळले. हरले. पुन्हा खेळले, पुन्हा हरले. मास्तर तर तीनदा आपटले आणि काप्पा लबाडी करतो म्हणून माझ्याशीच भांडले. मग पलीकडचा काठ पाहिला. डाव्या हातात अर्धी काकडी धरून बसलेलं ते पोर पाहिलं, आणि दुकान बंद करून रडले. तुझ्या बाबांना बोलावून घेतलं, तेही रडले.

पण चुकलास, गाढवा! नऊचाच ठेवलास त्याला? काकडीवर नावाखाली वय लिहितात, दरवर्षी एक वाढवून. यंदा मी चौसष्ट लिहिलं. वय थांबतं ते बुडालेल्या पोराचं, आणि आमचा मित्सुओ बुडालेला नाही. केस पांढरे कर त्याचे.

तुझी
शिझुए आत्या