तांदळाला जागा

माय, "एक शिकल, एक वळल," एवढंच तू म्हणाली होतीस. ओट्यावर बसलेली, मांडीवर तेंदूपानांचं सूप, जर्दा हाताला लागलेला. आम्ही दोघी बहिणी समोर. बाई दहाची, मी आठची. त्या आठवड्यात बाजारातून तू दोन वस्तू आणल्यास, मला शाईचं पेन आणि तिला बिडीची पानं कापायची कैची. दोन्ही नव्या, दोन्ही सारख्याच कागदात गुंडाळलेल्या. पोरींमध्ये आपण काही फरक केला नाही, असं तुला वाटलं असेल.

परवा रविवारी मी बाईकडे गेले होते, म्हणजे ती आता काम करते त्या हॉटेलात. दरेकशाच्या अलीकडे, जंगलातल्या रस्त्यावर ग्रीक जेवण मिळतं, हे तुला सांगितलं असतं तर तू मला वेड्यात काढलं असतंस. इकडचाच एक माणूस जहाजावर स्वयंपाकी होता. तिकडच्याच एका ग्रीक मुलीशी लग्न केलं आणि म्हातारपणी बायकोला घेऊन गावी परतला. टिनाच्या शेडखाली पाच टेबलं, नवरा भट्टीवर, बायको बाकी सगळ्यावर. येणारे लोक आधी पनीर आहे का विचारतात. अंगणात मालकिणीने द्राक्षाचा वेल लावलाय. आपल्या उन्हात त्याला द्राक्षं कधी धरली नाहीत. "पत्ते आते हैं, बस है," ती म्हणते. ती पानं मिठाच्या पाण्यात मुरवून, त्यात तांदूळ भरून, वळून शिजवतात. दोल्मादेस म्हणतात त्याला. बिडीचं काम सुटल्यापासून आपली बाई तिथे ही पानं वळते.

तिनेच ताट आणून ठेवलं. लिंबू पिळलेलं मटण, लसूण घातलेलं दही आणि ती पानं. निम्मी फाटलेली, भात बाहेर आलेला. मी काही विचारायच्या आत मालकीण हसत म्हणाली, "इसके हाथ में ताला है. चावल फूलता है, उसको जगह नहीं देती."

"मॅडम रोज सांगते, ढिलं वळ," बाई पदराला हात पुसत म्हणाली. "बोटं आयकतच नाही. ढिली बिडी दिसली का माय कैचीच मारे हातावर." सांगताना ती हसून राहिली होती.

मला हसू आलं नाही. कैचीची पाठ तिच्या बोटांच्या पेरांवर बसायची तो आवाज मला अजून येतो. मी आतल्या खोलीत धडा मोठ्याने वाचायचे, तो ऐकू येऊ नये म्हणून.

"बस ना बाई. सोबत जेवू."

"मी वाढतो, तू खाय. थंडं होऊन राहिलं."

"तू बसल्याशिवाय मी नाही खात."

"मंग राय उपाशी. हे नखरे तुह्या कॉलेजातल्या पोरायले दाखव."

ती बसली नाही. खुर्चीमागे उभी राहिली. मग वाकून माझ्या ताटातली फाटलेली पानं एकेक उचलून तिने वाटीत घेतली, नंतर आत जाऊन खायला. साबूत तेवढी माझ्यापुढे ठेवली. आणि मी ती खाल्ली, माय.

पाढे तिला माझ्याआधी यायचे. गुरुजी दोनदा घरी आले होते, मोठीला शाळेतून काढू नका म्हणून. "तिचे बोटं चांगले चालतात," म्हणून तू त्यांना परत पाठवलंस. यासाठी मी इतकी वर्षं तुझ्यावर रागावून आहे. तू गेलीस तेव्हाही तो राग सुटला नाही. खरं सांगायचं तर मी तो जपला. तुझ्यावर रागावलेली असले की मी बाईच्या बाजूची असायचे.

पण "एक शिकल, एक वळल" म्हणायच्या आधी, त्याच दुपारी, तू आम्हा दोघींना बिड्या वळायला बसवलं होतंस. मग दोघींची सुपं पाहिलीस. तिच्या बिड्या घट्ट, माझ्यातला जर्दा सांडत होता. तू त्यावरून ठरवलंस. माय, मी मुद्दाम ढिल्या वळल्या होत्या. मला चांगल्या वळता येत होत्या. बाईनेच शिकवलं होतं.

हे पत्र कुठे पाठवणार, वहीतच राहील. बाईला मी दर महिन्याला भेटते आणि दर वेळी हे तोंडाशी येऊन मागे जातं. तेव्हा एक कर. तिच्या स्वप्नात ये आणि हे तूच तिला सांग. तुझ्यावर ती रागावणार नाही, कधी रागावलीच नाही.

तू नाही म्हणशील, ठाऊक आहे. म्हणशील, हेबी मीच सांगू, मंग तुले शिकवलं कायले?