निळ्या झेंड्यासाठी केलेली साफसफाई

९ डिसेंबर २०२५

सकाळी सगळ्यांची हजेरी घेतली. बायको येसूबाई — गुडघा सुजलेलाच, पण तोंड ठणठणीत. मुलगा राजेंद्र — खांद्याचा पट्टा निघाला, हात अजून डोक्यापर्यंत जात नाही. महाडच्या कारखान्याने तोवर दुसरा माणूस घेतला. नात सारिका — खोकला ओव्याच्या शेकाने उतरला. आणि या म्हाताऱ्याला कोण विचारतो? सून विचारते! समुद्रावरून फोन करून. "जयभीम मामा. बीपीची गोळी घेतलीत ना?" घेतली गो बाय, घेतली.

उज्वला दिवाळीपासून तिकडे आहे. आपल्या भागातल्या अकरा बायका घेऊन मुरारी ठेकेदाराकडे किनारा झाडते. स्वच्छ किनाऱ्याला मिळतो तो निळा झेंडा मिळाला तर सहाजणींना तीन वर्षांचं काम, आणि उज्वलाची मुकादमी पक्की. राजेंद्रचा हात असा, त्यामुळे सगळ्या घराचे डोळे त्या झेंड्याकडे. डोंगरातली माणसं आम्ही, आणि आमची चूल पेटायची समुद्रावर!

१४ डिसेंबर

उज्वलाने मुरारीकडून ऐकलेल्या झेंड्याच्या अटी फोनवर सांगितल्या. तेहतीस आहेत म्हणे! पाणी तपासलेलं हवं, बुडणाऱ्याला काढणारा माणूस हवा, पायखाने हवेत, चाकाच्या खुर्चीला उतरायला फळ्या हव्यात. मी हसलो. समुद्राची परीक्षा! आमची सावित्री नदी बिचारी. तिच्याकडे साहेब बघतात ते ती घरात शिरल्यावरच.

पण परीक्षा कशी असते ते मला सांगू नये कोणी. आंबेनळी घाटात एकतीस वर्षं रस्त्यावर मैलकुली होतो. साहेब येणार म्हटलं की दोन दिवस आधी रस्त्याची कड तासायची, दगडांना चुना लावायचा. साहेब गाडीतून खाली पाय ठेवत नसे. काच अर्धी खाली, "ठीक आहे", काच वर. झाली तपासणी! उज्वला म्हणाली, "मामा, तुमाला सगळं ठाऊक हाय, म्हणून तुमाला इचारते." ऊर भरून आला, खोटं का बोलू?

१९ डिसेंबर

उद्या पाहणी. येसूबाईने घावनांचे तांदूळ आत्ताच निवडून ठेवलेत.

२१ डिसेंबर

नापास!

वाळूवर एक वेल पसरते. मर्यादवेल म्हणतात तिला. जांभळी फुलं येतात. ती वाळू धरून ठेवते, ती गेली की लाटा किनारा खातात. ती राखायची, असं त्या अटींत होतं. आणि आमच्या बायकांनी दोन दिवस खपून ती मुळासकट उपटली. भाताचं शेत बेणतात तशी! पाहणीला आलेल्या बाई म्हणे वाळूत खाली बसल्या आणि नुसत्या बघत राहिल्या.

मुरारीचा फोन राजेंद्रला. "किनारा साफ करायला आणली होती रे, बेणायला नाय! डोंगरातल्या बायका, ह्यांना समुद्राचं काय कळतंय?" दुपारीच उज्वलाला काढलं. बाकीच्या राहिल्या. अटींचा कागद इंग्रजीत, तो कपाटात, कपाटाची किल्ली मुरारीकडे — आणि अडाणी कोण? तर बायका. ज्यांनी समुद्र पहिल्यांदा बघितला तो हातात झाडू घेऊन! झेंडा मिळाला असता तर फोटोत ह्याच बायका कुठे दिसल्या नसत्या. गेला तेव्हा मात्र सगळ्यांच्या पुढे उभ्या केल्या. नाव सोनुबाई, हाती कथलाचा वाळा. स्वच्छतेचा मान म्हणे!

२३ डिसेंबर

दुपारच्या एसटीने उज्वला आली. पिशवी ठेवली नाही तोच येसूबाई — "कुनी सांगितलं गो तुला उपटायला?"

"कुनी नाय. माझंच डोकं."

"धावी शिकल्यालं डोकं ते ह्योच काय?"

मी मागच्या दारी लाकडं फोडायला गेलो. गरज नव्हती, फोडलेली पडली होती.

२८ डिसेंबर

ठेकेदाराच्या ऑफिसने उज्वलाकडून लेखी खुलासा मागवला आहे. पटला तर परत घेऊ म्हणतात. अख्ख्या वाडीचे अर्ज मीच लिहितो, शाळा चौथीपर्यंत असली तरी. बसलो लिहायला. "सदर वेल माझ्या अज्ञानामुळे व माझ्याच निर्णयाने काढली गेली. तरी एक वेळ माफी मिळावी." तीन कागद फाडले. चौथा उज्वलाच्या हातात दिला.

तिने सावकाश वाचला. माझ्याकडे बघितलं. "अक्षर चांगलं हाय मामा," म्हणाली, आणि सही केली.

येसूबाई म्हणाली, "घ्या! शाई आपली, कागद आपला, नि खापर पन आपल्याच सुनेच्या डोक्यावर!"

१ जानेवारी २०२६

बायका-पोरं टेम्पोने महाडला चवदार तळ्यावर गेली. मी अंग दुखतं म्हणून सांगितलं.

९ जानेवारी

उत्तर आलं. "आपला खुलासा वाचला. निर्णय आपला स्वतःचा असल्याचे आपण मान्य केले आहे. सबब आपणास कामावरून कमी करण्यात येत आहे." माझ्याच वाक्याचा दोर करून त्यांनी तिला टांगलं! मुकादमी तिच्याबरोबरच्या ठमाबाईला दिली. तिचा फोन आला. बिचारी रडत होती. "तुजी जागा हाय ती, मला खुपतंय गो." वेल परत लावतायत म्हणाली. दोन तगल्या, बाकी सुकल्या.

जेवताना राजेंद्र सगळ्यांना ऐकू जाईल असं बोलला, "हिच्या आगावपणानं गेलं सगळं." उज्वला भाकरी थापत होती, थापतच राहिली. सारिका आजीच्या तोंडाकडे, आजी तव्याकडे. मी पाण्याबरोबर घास ढकलला. मुरारीला शिव्या द्यायला तोंड उघडलं — कालपर्यंत त्या कशा धाडधाड येत होत्या! आज एक आली नाही.

११ जानेवारी

पोलादपूरच्या पोस्टातून पत्र रजिस्टर केलं. निघण्याआधी घरात सगळ्यांसमोर वाचलं. नक्कल उतरवून ठेवतो —

"महोदय, १७ डिसेंबरला सुनेने मला फोनवर विचारले, मामा, वेलीने वाळू धरली आहे, फुलेही आहेत, राहू देऊ का? मी म्हणालो, साहेब येणार तर मुळासकट काढ. ती नको नको म्हणत होती. मी दटावले. खुलासा तिच्या नावाने मीच लिहिला आणि माझे नाव गाळले. तिने ते कोणालाही सांगितले नाही, नवऱ्यालाही नाही. मला काय करायचे ते करा, तिचे काम तिला द्या. उत्तर लवकर पाठवावे. वर नाव उज्वलाचे घालावे, पाकीट आधी तिनेच फोडावे. आपला, श्रीपत, निवृत्त मैलकुली."