बीपीची वही

११ फेब्रुवारी, रविवार

प्रिय ताई,

नमस्कार. तुझं पत्र मिळालं. दाजींचा खोकला थांबला का? इकडे सगळे ठीक आहोत. म्हणजे, बऱ्यापैकी.

वहिनीशी जमतं का, असं तू विचारलंस. जमतं. बाबांचं तर फारच जमतं. मी दोन वर्षं मीठ कमी करून पाहिलं, तेव्हा ताट सरकवून उठायचे. आता जेवताना ओरडतात, "सूनबाई, तुझ्या भाजीत मीठ सोडून सगळं आहे!" आणि पुन्हा वाढून घेतात. माझ्यासोबत कोपऱ्यापर्यंत न येणारा माणूस तिच्याबरोबर रोज सकाळी चाळीस मिनिटं चालतो. शिवणयंत्रावर फार वेळ बसू नये म्हणून ती तासातासाला खाली दुकानात जाऊन त्यांना उठवते. सिगारेटही सुटली. शेजारच्या काकू म्हणाल्या, "सुनेनं माणसात आणलं हो त्यांना." मी हसले. आतून नुसती आग.

बीपी मोजून वहीत लिहायचं काम तेवढं माझ्याकडे राहिलं. ताई, वहीत एकही आकडा खोटा नाही. यंत्रानं दाखवला तोच लिहिला. पण आधी पाच मिनिटं शांत बसवायचं, बोलू द्यायचं नाही, हे तूच शिकवलं होतंस. मी महिनाभर बसवलं नाही. बाबा जिना चढून आले की धापा टाकत असतानाच मी पट्टा बांधायचे, वर गिऱ्हाइकांचं काहीतरी उकरून काढायचे. आकडा वर जायचा. "एवढं करूनही?" म्हणत वहिनीचा चेहरा उतरायचा. मला बरं वाटायचं.

डॉक्टरांनी वही पाहून गोळी वाढवली. गुरुवारी कापड बेतता बेतता बाबांना चक्कर आली आणि ते टेबलावर कोसळले. हातात कात्री होती. कपाळाला खोक पडली, तेवढ्यावर निभावलं. वाढवलेली गोळी आता थांबवलीय. उद्या वही घेऊन बोलावलंय. काल मी त्यांना नीट बसवून मोजलं. एकशे बावीस.

वहिनी रडत म्हणाली, "माझंच काहीतरी चुकतंय. तुम्ही इतकं काटेकोर मोजता. यापुढे त्यांचं तुम्हीच बघा, मी लुडबुड करणार नाही."

हेच तर मला हवं होतं.

आज सकाळी बाबा बूट घालून दाराशी बसले होते. ती आली नाही. मी म्हटलं, "मी येते ना." म्हणाले, "राहू दे गं." आणि बूट काढून ठेवले.

हे पत्र आधी तिला वाचायला देणार आहे. तोंडानं सांगायला गेले तर आकड्यांचं केलं तेच करीन, शब्द सगळे खरे आणि गोष्ट खोटी. पाकिटावरचा पत्ता तिच्या अक्षरात असेल, तर तिनं वाचलं असं समज. माझ्या अक्षरात असेल, तर उत्तर लिहीत बसू नकोस. तडक निघून ये आणि ती वही माझ्या हातातून काढून घे.

अजूनही तिचा हेवा करणारी,
तुझी धाकटी